कण्यातली पट्टी

भालेरावबाईंनी तीन रजिस्टरं आणली गोणपाटात गुंडाळून,
शरणपूरहून भद्रकालीत, माझ्या दुकानात, रिक्षाने.
"कॉलेजला पाहुणे यायचेत. निदान उभी तरी राहू देत."
मी म्हटलं, उभी राहतील. उघडताना जपा.

खळ शिजत ठेवली. मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद.
कसरीला धर्म नसतो, ती सगळ्यांचंच खाते.

पहिल्या रजिस्टरात कॉलेज नव्हतंच.
होती चर्चमागची एक पडवी, सहा पाट्या, एक मास्तर,
आणि तेच बाक, रविवारी उलटे फिरवायचे:
आठवडाभर फळ्याकडे तोंड, त्या दिवशी वेदीकडे.

रकाने आखलेले, हात न थरथरता.
नाव. बापाचं नाव. गाव.
बाप्तिस्म्याचं नाव. पूर्वीची जात.
लाजारस, पूर्वी लहानू, सिन्नरकडचा.
एस्तेर, पूर्वी ठकी.
नाव एका सकाळी बदललं.
तो शेवटचा रकाना मात्र
पाद्री बदलले, शाई बदलली,
पडवीची शाळा झाली, शाळेचं अध्यापक कॉलेज,
तरी आखतच राहिले.

दुष्काळाच्या वर्षी अक्षर बारीक होतं,
एका ओळीत दोघं दोघं झोपवल्यासारखे.
प्लेगच्या पानांवर तांबडी शाई
गुलाबी होत गेलीय खालीखाली.
पाणी घालून पुरवली असणार कुणीतरी.

आणि या सगळ्याच्या आधी, अगदी सुरुवातीला,
अकरा मुलं, गोदेच्या पाण्याची नसलेली.
आफ्रिकेची. गुलामांच्या गलबतातून सोडवलेली.
बापाचं नाव: ठाऊक नाही.
गावाच्या रकान्यात कारकून अडला,
टाक टेकवून बसला बराच वेळ, ठिपका पडलाय.
मग लिहिलं त्याने: समुद्र.
अकरा वेळा. समुद्र, समुद्र, आणि खाली नुसत्या टिंबटिंब रेघा.
काम: सुतारी. काम: लोहारी.
काम: पुस्तकबांधणी.

इथे माझी खळ करपली.

कणा सोडवला की आत रद्दीची पट्टी निघते.
आम्ही सगळेच लावतो. मी लग्नपत्रिका लावतो,
मागच्या सालची कॅलेंडरं.
या पट्टीवर कित्ता होता.
आधी लांबच लांब शिरोरेघ ओढलेली,
मग तिला अक्षरं टांगलेली, ओले कपडे वाळत घालावेत तशी:
जुमा जुमा जुमा जुमा
आणि खालच्या ओळीत, मास्तरांच्या वळणावरून,
याकोब याकोब याको

तिथे पट्टी कापली होती. सरळ, स्वच्छ.
बांधणीवाल्याची कात्री ओळखतो मी.
ती त्याचीच असेल तर
नाव कुठे तोडायचं हे त्यानेच ठरवलं.
नसेलही. रद्दीच ती.

बाईंना फोन लावला.
म्हणाल्या, "आमच्या पणजोबांना याकोब मास्तर होते शिकवायला.
हातोडीने मारत नसत, हातोडी धरायला शिकवत,
एवढंच घरी बोललं जायचं.
कुठले, ते कुणी सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही."

"काढून देऊ का? काचेत लावा. पाहुण्यांना दाखवता येईल."
"काढली तर रजिस्टर उभं राहील?"
"राहील. नवी पट्टी घालतो."
"आणि ठेवली तर?"
"दीडशे वर्षं तिनेच धरलंय."
फोनमध्ये तिकडची तासाची घंटा झाली,
पोरींचा गलका जिन्यावरून उतरला, लांब गेला.
"ठेवा," बाई म्हणाल्या. "पण आधी फोटो काढा.
दोन काढा. एक हलतो."

चिकटवली. वरून मांजरपाट, त्यावर दाब,
रात्रभर दोन फरशा.
आणि पावतीवर लिहिलं:
रजिस्टरं नग तीन. नवी खळ, जुना कणा.

बाईंनी चष्मा वर केला.
ऑडिटला हे चालायचं नाही, म्हणाल्या.
नुसतं दुरुस्ती लिहा.